तरफेची रायफल अडते तेव्हा : काडतुसांच्या पुरवठ्यातील दोष आणि त्यांचा शोध

अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराख्यांच्या जीवनावर निघालेले चित्रपट ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यांतील एक विशिष्ट रायफल निश्चित आठवेल. चापाभोवतीची लोखंडी कडी झटक्याने खाली लोटावयाची आणि पुन्हा वर ओढून घ्यावयाची, की रायफल पुढील बारास सिद्ध होते. पडद्यावर ही क्रिया इतकी सहज वाटते, की तिच्या पोटात किती काटेकोर वेळापत्रक दडलेले आहे याची कल्पना येत नाही. ही कडी म्हणजे शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात भेटणारी तरफच होय. तिच्यावरूनच या प्रकारास ‘लिव्हर ॲक्शन’, म्हणजे तरफेची रायफल, असे नाव पडले.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात ज्यांनी .२२ ची रायफल हाताळली आहे, त्यांना हाताने मागेपुढे करावयाचा बोल्ट परिचित असतो. तरफेच्या रायफलीतही बोल्ट असतोच. मात्र त्याला हात न लावता तरफेच्या साहाय्याने तो चालविला जातो. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. सैनिकी रायफलीत काडतुसे पेटीमध्ये एकावर एक रचलेली असतात, तर तरफेच्या बहुतेक रायफलींत ती मुख्य नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक अशी रांगेने निजलेली असतात. या खालच्या नळीस मॅगझिन म्हणतात. मॅगझिनच्या पुढील टोकास लांब स्प्रिंग असते व स्प्रिंगच्या टोकाशी एक लहानसा दट्ट्या असतो. तो सगळी रांग सतत मागे, रायफलीच्या यंत्रपेटीकडे, लोटत राहतो.

रायफल ‘अडते’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक प्रसंगी या रांगेतील काडतूस मुख्य नळीच्या तोंडापर्यंत पोहोचलेले नसते, किंवा एकाऐवजी दोन काडतुसे एकाच वेळी आत घुसलेली असतात. दोष धातूत असेल अशी समजूत करून घेऊन कानस हाती घेणारे पुष्कळ असतात. वास्तविक कानशीचे काम सर्वांत शेवटी, आणि तेही फार क्वचित, निघते.

काडतुसाचा प्रवास

तरफ खाली जाऊ लागली की बोल्ट मागे सरकतो. बोल्टच्या टोकाशी असलेली आकडी रिकाम्या पुंगळीची कड पकडून तिला ओढून काढते आणि इजेक्टर नावाचा लहान भाग तिला बाहेर उडवितो. मागे जाता जाता बोल्ट घोडाही ताणून ठेवतो. याच सुमारास मॅगझिनमधील एक काडतूस मागे सरकून कॅरिअरवर येऊन बसते. कॅरिअर म्हणजे काडतूस खालून वर उचलणारी पट्टी किंवा ठोकळा. ठरलेल्या क्षणी, काही बनावटींत तरफ पूर्ण उघडत असता तर काहींत ती मिटू लागताच, कॅरिअर काडतुसास मुख्य नळीच्या रेषेत आणून देतो. मग तरफ वर येते, बोल्ट काडतुसास चेंबरमध्ये सारतो व पाठीमागे पक्का बसतो.

या सर्व खटाटोपात एका गोष्टीवर यश अवलंबून असते. एक काडतूस वर जात असता दुसऱ्याने जागीच थांबले पाहिजे. यात्रेच्या दिवशी गाभाऱ्याच्या दाराशी उभा असलेला सेवेकरी मागून कितीही रेटा आला तरी एकेकालाच आत सोडतो. तसाच एक सेवेकरी या यंत्रपेटीत असतो. काही बनावटींत कॅरिअरचाच कोपरा हे काम करतो, तर विंचेस्टर कंपनीच्या १८९२ च्या नमुन्यात त्यासाठी स्वतंत्र अडसर दिलेला आहे. हा सेवेकरी केसभर लवकर बाजूस झाला की दोन काडतुसे आत येतात आणि उशीर झाला की एकही येत नाही.

या रायफलीचा इतिहास म्हणजे बव्हंशी हाच प्रश्न सोडविण्याचा इतिहास होय. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८४९ मध्ये अशा रायफलीचे एकस्व घेतले. (त्याच वर्षी त्याने घरोघरी वापरल्या जाणाऱ्या सेफ्टी पिनेचेही एकस्व घेतले. पीन चालली, रायफल मात्र चालली नाही.) पुढे कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे सदऱ्यांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर या व्यवसायात शिरला आणि त्याच्याकडील बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये पहिली खऱ्या अर्थाने उपयुक्त रायफल सिद्ध केली. अमेरिकन यादवी युद्धात तिने नाव मिळविले. पण तिच्या मॅगझिनला खालच्या बाजूने लांब फट होती. फटीतून बाहेर डोकावणारी दट्ट्याची खूण काडतुसे संपत जातील तशी मागे येई व नेम धरणाऱ्याच्या डाव्या हातास अडे. हात बाजूस घेतला नाही तर पुरवठा बंद. शिवाय त्या फटीतून माती आत जाई ती वेगळीच. १८६६ मध्ये नेल्सन किंग याच्या कल्पनेने यंत्रपेटीच्या उजव्या बाजूस काडतुसे भरण्याची झडप आली, मॅगझिनची नळी बंदिस्त झाली आणि हे दोन्ही दोष एकाच वेळी नाहीसे झाले. त्यानंतरचा १८७३ चा नमुना व जॉन ब्राउनिंग याने आखलेला १८९४ चा नमुना जगप्रसिद्ध झाले. १८९४ च्या नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

प्रथम काडतूस पाहावे

दोषाचा शोध काडतुसापासून सुरू करणे सर्वांत शहाणपणाचे ठरते. काडतूस बदलून पाहण्यास खर्च थोडा येतो व यंत्रास अपाय होत नाही. रायफलीवर छापलेले काडतुसाचे नाव आणि काडतुसाच्या बुडावरील नाव प्रथम ताडून पाहावे, आणि नंतर लांबी मोजावी. येथे लांबी म्हणजे नुसत्या पुंगळीची नव्हे, तर बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची. .३०-३० या प्रसिद्ध काडतुसाची ही लांबी जास्तीत जास्त ६४.८ मिलिमीटर ठरलेली आहे.

१८७३ च्या नमुन्यावरून लांबीचे महत्त्व चांगले समजते. त्यातील कॅरिअर हा एक ठोकळा असून तो लिफ्टप्रमाणे सरळ वर चढतो. काडतूस त्याच्या पोकळीत बरोबर मावले पाहिजे. ते जास्त लांब असेल तर त्याचे नाक मॅगझिनच्या तोंडातच राहते. ठोकळा वर येऊ शकत नाही आणि तरफ मध्येच थिजते. ते आखूड असेल तर मागे राहिलेल्या मोकळ्या जागेत पुढच्या काडतुसाचे बूड शिरते. थोडेसे बूड शिरले तर ठोकळ्याची उतरती कड त्यास परत लोटते. अधिक शिरले तर ठोकळा त्यावरच अडकतो. .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशल काडतूसही चालते, हे खरे आहे. परंतु पहिल्याची कमाल लांबी ४०.४ मिलिमीटर व दुसऱ्याची ३९.४ मिलिमीटर आहे. एवढ्याशा फरकाचे बहुतेक रायफलींना काही वाटत नाही. मात्र .३८ चे काडतूस आखूड गोळी घालून आणखी आखूड केलेले असेल, किंवा गोळीचे नाक पुंगळीच्या तोंडाशी सपाट कापलेले असेल, तर उत्तम रायफलही त्यास नाकारते. दोष अर्थातच रायफलीचा नसतो.

काडतुसाची लांबी मॅगझिनच्या आत असताना बदलू शकते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पुढून स्प्रिंग रेटत असते आणि प्रत्येक बाराच्या हिसक्याने सगळी रांग एकमेकींवर आपटते. पुंगळीचे तोंड गोळीवर घट्ट आवळलेले नसेल, तर या माराने गोळी हळूहळू पुंगळीत मागे दबते. पहिली तीन काडतुसे बिनतक्रार चालतात, पाचवे अडते. असे घडले तर नळीतील उरलेली काडतुसे काढून त्यांची नव्या काडतुसांशी तुलना करावी. दबलेली गोळी आढळल्यास ते काडतूस पुन्हा वापरू नये; कारण गोळी आत गेल्याने दारूचा दाबही वाढू शकतो. पुंगळ्या घरी पुन्हा भरून वापरण्याची प्रथा अमेरिकेत मोठी आहे आणि अडणाऱ्या रायफलींच्या तक्रारींचा पुष्कळसा भाग तेथूनच उगम पावतो.

गोळीच्या आकाराचा प्रश्न केवळ अडण्याचा नसून जिवाचा आहे. नळीच्या मॅगझिनमध्ये मागच्या काडतुसाचे नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेले असते, आणि मध्यघाती काडतुसाच्या बुडात नेमकी मध्यभागी स्फोटक टोपी असते. टोकदार, कठीण गोळी तेथे टेकून राहिली तर हिसक्यासरशी ती टोपी पेटण्याचा संभव असतो. म्हणून या रायफलीत सपाट किंवा बोथट नाकाचीच गोळी वापरावी, असा नियम पडला. टोकदार गोळी हवीच असेल तर मॅगझिनची रचनाच बदलावी लागते. ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यास नळीऐवजी पेटी दिली. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या टोकदार गोळीच्या काडतुसासाठी या नमुन्याच्या सुमारे तीन लाख रायफली घेतल्या. आर्थर सॅव्हेजने चक्राकार फिरणारे मॅगझिन बसविले. चालू शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नाडी कंपनीने लवचीक, रबरासारख्या टोकाची गोळी काढली. ती टोकदार असूनही मऊ असल्याने नळीत चालते.

नळीचा दोष व खोटा रिकामेपणा

काडतूस निर्दोष असूनही ते कॅरिअरवर येतच नसेल, किंवा सुस्तपणे येत असेल, तर लक्ष मॅगझिनकडे वळवावे. कारणे साधी असतात. जास्त तेल घातले की ते धूळ व दारूची काजळी धरून खळीसारखे घट्ट होते. थंडीत तर अधिकच. वर्षानुवर्षे भरलेली राहिलेली स्प्रिंग मरगळते. रायफल पडल्याने नळीस पोचा येतो. नळी व मुख्य नळी एकत्र धरणारी पट्टी अधिक आवळली गेल्यास नळी किंचित चेपते. अशा वेळी दोष पोच्यासारखा वाटतो आणि स्क्रू थोडा सैल करताच नाहीसा होतो. गंजाचे वेगळे सांगावयास नको. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत तर तो बाहेरून दिसण्याच्या कितीतरी आधी नळीत शिरलेला असतो.

साफसफाईचा मार्ग सरळ आहे. नळीच्या टोकावरील झाकण काढून स्प्रिंग व दट्ट्या बाहेर घ्यावेत, नळी आतून कोरडी पुसावी आणि तेलाचा केवळ हात फिरवावा. झाकण काढताना दाबलेली स्प्रिंग बाणासारखी उसळते, म्हणून तोंड बाजूस ठेवून झाकणावर तळहात धरावा. दट्ट्या नळीत सोडून पाहावा. रायफल तिरपी करताच तो स्वतःच्या वजनाने घसरत जावयास हवा; जेथे अडेल तेथे पोचा किंवा घाण आहे.

या दोषाची दुसरी बाजू मात्र अधिक गंभीर आहे. नळीत अडलेले काडतूस बाहेरून दिसत नाही. समजा, नळीत सहा काडतुसे आहेत. तरफ सहा वेळा हलविली, पाच बाहेर पडली, सहावे पोच्याशी अडून राहिले. मोजदाद करण्याचा कंटाळा करणारा मनुष्य रिकामी तरफ दोनदा हलवून पाहतो, काही बाहेर पडत नाही म्हणून रायफल रिकामी समजतो आणि भिंतीशी उभी करतो. टेकविताना बसलेल्या धक्क्याने ते काडतूस सुटते व मागे येऊन थांबते. यानंतर जो कोणी ती उचलून सहज म्हणून तरफ फिरवील, त्याच्या हाती भरलेली रायफल आलेली असते. पेटीच्या मॅगझिनची रायफल असा दगा सहसा देत नाही, कारण पेटी काढून डोळ्यांनी पाहता येते. म्हणून तरफेच्या रायफलीत काही बाहेर पडत नाही, हा रिकामेपणाचा पुरावा मानूच नये. तरफ उघडी ठेवून यंत्रपेटीतून मॅगझिनच्या तोंडाकडे पाहावे. बहुतेक बनावटींत तेथे दट्ट्याचे टोक दिसते. ते दिसले तर नळी रिकामी. न दिसल्यास, आत काडतूस असो वा नुसता दट्ट्या अडलेला असो, रायफल भरलेली आहे असेच समजून वागावे. शिवाय चेंबरमध्ये करंगळी घालून तो चाचपावा. चेंबर आणि नळी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

हात, कॅरिअर आणि कानस

पुष्कळदा दोष हाताळणाऱ्याच्या संकोचात असतो. यंत्र जुने व सुंदर दिसते, म्हणून नवशिका तरफ हळुवार, अर्धवट फिरवितो. त्यामुळे पुंगळी निघते पण उडत नाही, कॅरिअर पूर्ण चढत नाही, आणि बोल्ट परत येताना सर्वांचा चुराडा करतो. तरफ शेवटच्या टोकापर्यंत, एकाच दमदार गतीने खाली न्यावी आणि तशीच वर आणावी. याउलट घाई करणाराही फेरी अपुरी ठेवतो. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’च्या जुन्या पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांत हे वारंवार दिसते. तेथे १८७३ च्या नमुन्यास विशेष मान आहे व तरफेचा प्रवास कमी करणारे सुटे भाग बसविण्याची चढाओढ असते. प्रवास जितका कमी, तितकी काडतुसाच्या लांबीतील चूक यंत्रास कमी सोसते. वेगाची ही किंमत असते.

काडतूस, नळी व हात ही तिन्ही निर्दोष ठरल्यावरच कॅरिअर तपासावा. येथे मार्लिन कंपनीच्या रायफलींतील एक दोष इतका प्रसिद्ध आहे, की नेमबाजांनी त्यास कंपनीचेच नाव दिले आहे. या रायफलीत तरफेचा एक कंगोरा कॅरिअरला खालून घासत जातो. कंगोऱ्याची कड धारदार राहिली असेल, तर हजारो फेऱ्यांनंतर कॅरिअरच्या तळाशी बारीक चर पडतो. तेवढ्याने कॅरिअर केसभर खाली बसतो. मघाचा सेवेकरी क्षणभर बाजूस होतो आणि दुसरे काडतूस कॅरिअरखाली घुसते. मग तरफ पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. यावर उपाय म्हणजे चर भरून काढणे किंवा कॅरिअर बदलणे, आणि तरफेची ती कड गुळगुळीत करणे. कड तशीच ठेवून नवा कॅरिअर बसविल्यास काही काळाने तोच चर पुन्हा पडतो. कानशीला खरा वाव असलेले हे एक स्थान, आणि तेही कारागिराच्या हाती.

काडतूस रेषेत येऊनही चेंबरच्या तोंडाशी अडत असेल तर चेंबरमधील काजळी, आकडीमागे साचलेला कचरा आणि पुंगळीची दुमडलेली कड ही कारणे आधी पाहावीत. झडपेचा किंवा कॅरिअरचा स्क्रू सैल झाला असेल, तर दोष कधी दिसतो व कधी लपतो. अशा लपंडावात माणसे रायफलीस उगाच दूषण देतात.

तरफ प्रत्यक्ष अडली असता काय करू नये, हे आधी सांगितले पाहिजे. तरफ गुडघ्यावर आपटू नये. स्क्रू-ड्रायव्हरने काडतूस उचकटू नये. त्याचे टोक स्फोटक टोपीवर गेले तर परिणाम उघड आहे. या रायफलीत बोटे तरफेच्या कडीतच, चापाशेजारी असतात, म्हणून हिसके देताना चापाला बोट लागण्याचा धोका इतर रायफलींपेक्षा अधिक. तोंड निर्धोक दिशेस ठेवावे, बोट चापापासून दूर घ्यावे, तरफ हलकेच किंचित मागेपुढे करून पाहावी. झडप आत दाबल्यास कधीकधी दुसरे काडतूस नळीत परत लोटता येते. तेही न साधल्यास पेटी उघडण्याचे काम जाणकाराकडे सोपवावे. दोष दूर झाला की नाही, हे नेहमी निर्जीव काडतुसांनी पाहावे. म्हणजे योग्य लांबीची, परंतु दारू व टोपी नसलेली. ती सहा भरून प्रथम सावकाश व नंतर वेगाने फिरवावीत. खऱ्या काडतुसांनी घरात परीक्षा घेऊ नये.

भारतात ही रायफल सर्रास आढळत नाही. एखाद्या परवानाधारक कुटुंबाकडे वारशाने आलेल्या विलायती शस्त्रांत ती असू शकते, आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचे प्रयोजन संपल्याने अशी शस्त्रे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात. तेलाची खळी व मरगळलेली स्प्रिंग यांस ही स्थिती अत्यंत अनुकूल असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये विक्रीसाठी किंवा व्यवसाय म्हणून शस्त्रांची दुरुस्ती करणाऱ्यास परवाना आवश्यक आहे. तेव्हा शस्त्र परवानाधारक कारागिराकडेच न्यावे. नेताना त्यास पुढील गोष्टी सांगाव्यात : काडतूस कोणते होते व ते नवे होते की पुन्हा भरलेले, नळीत किती होती, कितव्यावर अडले, तरफ उघडताना अडली की मिटताना, आणि पेटीत त्या वेळी एक काडतूस दिसले की दोन. अडलेले व त्याच्या आधीचे, अशी दोन काडतुसे वेगळी राखून बरोबर न्यावीत. त्यांच्या लांबीची तुलना केल्यावर बहुधा पेटी उघडण्याची वेळच येत नाही.